नाव भाड्याचे, दुकान स्वतःचे : टोकियो डिस्नेलँडमध्ये एक दिवस

परदेशात गेलेला आपला व्यापारी सहसा दोनच ठिकाणे पाहतो : बाजार आणि कारखाना. करमणुकीच्या जागी जाणे म्हणजे वेळेची आणि पैशाची उधळण, असा आपल्याकडे समज आहे. पण जिथे रोज हजारो माणसे खिशातले पैसे खुशीने काढून देतात आणि वर पुन्हा येण्याची इच्छा घेऊन परततात, ती जागा धंदेवाल्याने जरूर पाहावी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका व्यापारी प्रदर्शनाच्या निमित्ताने आमचे टोकियोला जाणे झाले. सोबत दोघे होते. एक धारावीत चामड्याची पाकिटे व पट्टे बनवणारे बुजुर्ग कारागीर, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. दुसरे भिवंडीचे एक तरुण लूमवाले. एक दिवस मोकळा मिळताच तरुणाने डिस्नेलँडचा हट्ट धरला. चाचा म्हणाले, "बेटा, मेळाच बघायचा तर माहीमचा काय वाईट आहे?" शेवटी तिघेही निघालो. टोकियो स्टेशनातून केईयो लाईनच्या गाडीने पाऊण-एक तास लागेल असे वाटले होते. माइहामा स्टेशन अवघ्या पंधरा मिनिटांत आले.

मालक कोण?

वाचकांना पहिली गोष्ट सांगायची ती ही, की टोकियोचे डिस्नेलँड डिस्ने कंपनीच्या मालकीचे नाही. त्याची मालक आहे ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी. केइसेई ही रेल्वे कंपनी, मित्सुई फुदोसान ही जमीन-इमारतींचा व्यवहार करणारी कंपनी आणि आणखी एक भागीदार यांनी १९६० मध्ये ती स्थापन केली. केइसेई रेल्वेचे प्रमुख चिहारू कावासाकी १९५८ मध्ये अमेरिकेत गेले असता त्यांनी कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड पाहिले होते. पाहुणा म्हणून पाहिलेली ती गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नाही. डिस्नेशी करार झाला १९७९ मध्ये आणि दरवाजे उघडले १५ एप्रिल १९८३ रोजी. पहिल्या भेटीपासून उद्घाटनापर्यंत पंचवीस वर्षे गेली! ज्यांना आज दुकान टाकून उद्या नफा हवा असतो त्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

करारानुसार नाव, चित्रे, आराखडे आणि काम करण्याची पद्धत डिस्नेची. जमीन, बांधकाम, नोकर, दुकाने आणि नफा-तोटा जपानी कंपनीचा. नावाच्या मोबदल्यात प्रवेशाच्या उत्पन्नावर १० टक्के आणि खाणे व वस्तूंच्या विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी ठरल्याचे वेळोवेळी छापून आले आहे. बांधकामाचा खर्च वाढत वाढत सुमारे १८० अब्ज येनांवर गेला. हा सारा बोजा जपानी कंपनीने उचलला. डिस्नेने फारशी जोखीम घेतली नाही. म्हणूनच पार्क तुडुंब चालू लागल्यावर मोठा वाटा जपानी कंपनीकडेच राहिला.

पुढे पॅरिसजवळ १९९२ मध्ये पार्क उघडताना डिस्नेने स्वतः ४९ टक्के भाग घेतला. तिथे कर्ज आणि व्याजाच्या ओझ्याखाली कंपनी दोन वर्षांतच टेकीस आली. १९९४ मध्ये सावरासावर झाली तेव्हा सौदी अरेबियाचे प्रिन्स अलवलीद बिन तलाल यांनी सुमारे एक चतुर्थांश भाग घेतला. मिकी माऊस तोच, नाव तेच. पण हिशेब चुकला की मोठे नावही तारत नाही.

हे सारे गाडीत सांगत असताना चाचा गप्प होते. त्यांच्या मनात दुसरेच चालले होते. आदल्या दिवशी प्रदर्शनात एका खरेदीदाराने त्यांना पाकिटांची मोठी ऑर्डर देऊ केली होती. अट एकच : मालावर लेबल खरेदीदाराचे, आणि चाचांचे नाव किंवा ठप्पा कुठेही नको. "तीस वर्षे हेच करतो आहे मियाँ," ते आम्हाला म्हणाले. "टाके माझे, नाव दुसऱ्याचे. ऑर्डर घेतली तर दोन वर्षे कारखाना चालेल. नाही घेतली तर पोरांना पगार कुठून देऊ?"

समुद्र होता तिथे

जिथे आज हे पार्क आहे तिथे पूर्वी समुद्र होता. उरायासू हे कोळ्यांचे गाव. नोरी नावाची समुद्री शेवाळी सुकवणे आणि शिंपले गोळा करणे हा तिथला पिढीजात धंदा. १९५८ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कागद कारखान्याचे काळे पाणी खाली आले आणि शिंपले मेले. संतापलेले कोळी कारखान्यात घुसले, पोलिसांशी झटापट झाली. त्यानंतर धंदा खालावत गेला. १९६२ मध्ये मासेमारीचे काही हक्क आणि १९७१ मध्ये उरलेले सर्व हक्क कोळ्यांनी सोडले. भरपाईची बोलणी ओरिएंटल लँडतर्फे मासातोमो ताकाहाशी यांनी केली. पुढे तेच कंपनीचे अध्यक्ष झाले. भराव घालून समुद्राची जमीन झाली.

उरायासू शहराने २००१ मध्ये एक संग्रहालय उघडले. १९५२ च्या सुमाराचे गाव तिथे जसेच्या तसे उभे केले आहे : घरे, दुकाने आणि बेकाबुने नावाच्या चिंचोळ्या होड्या. पार्क पाहायला येणारे फार थोडे तिकडे फिरकतात. कोकणातल्या आपल्या वाचकांना जाळे भिंतीला टांगून ठेवणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. मोठा धंदा येतो तेव्हा कोणाचा तरी छोटा धंदा जागा सोडतो, हेही या झगमगाटाच्या हिशेबात धरले पाहिजे.

बाजारातून आत, बाजारातून बाहेर

दारातून आत गेल्यावर समोर आला तो पाळणा नव्हे, बाजार! वर्ल्ड बाझार नावाची जुन्या अमेरिकन धाटणीची ही पेठ. कॅलिफोर्नियात असा रस्ता उघडा आहे. टोकियोत पाऊस-थंडीचा विचार करून त्यावर काचेचे छत घातले आहे. येताना माणूस घाईत असतो, दुकानांकडे फक्त नजर टाकतो. जाताना थकलेला आणि खूश असतो. तेव्हा खरेदी करतो.

जपानी माणूस कुठेही गेला तरी घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि कचेरीतल्या सोबत्यांसाठी काहीतरी घेऊन येतो. आपल्याकडे उरुसाहून येताना खेळणी आणि मिठाई आणतात तशीच ही रीत आहे. पार्कने ही रीत ओळखली. बिस्किटे आणि चॉकलेटे रंगीत पत्र्याच्या डब्यात विकली जातात. खाऊ संपतो, डबा घरात राहतो. त्यात सुईदोरा ठेवला तरी त्यावर मिकी माऊस असतोच. मक्याच्या लाह्यांसाठी गळ्यात अडकवायचे डबे मिळतात, आणि डबा जवळ असेल तर पुन्हा भरून घेणे स्वस्त पडते. पाहुण्यामागे होणाऱ्या उत्पन्नात तिकिटाचा वाटा साधारण निम्मा असतो. बाकीचे पैसे वस्तू आणि खाण्यातून येतात.

तिकिटाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९८३ मध्ये सर्व खेळांसह दिवसाचे तिकीट प्रौढांना ३,९०० येन होते. ऑक्टोबर २०२३ पासून दिवस पाहून ७,९०० ते १०,९०० येन असा दर ठेवला गेला. गर्दीचा दिवस महाग, रिकामा दिवस स्वस्त. गर्दी विभागते, पाहुण्याला कमी रांगा लागतात. करमणुकीला हे शोभते. सणाच्या तोंडावर डाळ-तांदळाला असा दर लावणे वेगळे, याचा विसर पडू नये.

खाण्याबाबत एक सूचना. आत स्वतःचे अन्न न्यायला मनाई आहे, मात्र प्रवेशद्वाराबाहेर डबा खाण्यासाठी जागा आहे. टोकियोच्या शिन-ओकुबो भागात हलाल जेवण मिळते. आम्ही तिथून बांधून आणले आणि आत जाण्यापूर्वी तिथेच बसून खाल्ले.

कात्री आणि काच

वर्ल्ड बाझारमध्ये एका छोट्या दुकानासमोर चाचांचे पाय थांबले. समोर उभ्या मुलीकडे पाहत एक कारागीर काळ्या कागदातून तिच्या चेहऱ्याची बाजू कापत होता. आधी पेन्सिलीची रेघ नाही, नंतर खोडणे नाही, फक्त कात्री. दोन-तीन मिनिटांत नाक, केस, वेणीची रिबन सगळे हुबेहूब उतरले. भोवती माणसे जमली होती. चाचा हळूच म्हणाले, "माल दाखवून विकतात तो दुकानदार. हात दाखवून विकतो तो कारागीर."

किल्ल्यात काचेच्या वस्तूंचे दुकान आहे. डिस्नेच्या दुनियेत काचकामाला जागा मिळवून दिली ती स्पेनच्या अरिबास बंधूंनी. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ते काच फुंकून वस्तू बनवत होते, तिथे वॉल्ट डिस्ने यांनी त्यांचे काम पाहिले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये त्यांचे दुकान सुरू झाले. नाव डिस्नेचे मोठे, पण दुकानावरचे अरिबास हे नाव पुसले गेले नाही. एका प्रदर्शनात लोकांसमोर बसून केलेल्या कामातून पिढ्यांचा धंदा उभा राहिला.

आपल्या नावांचे काय झाले तेही पाहा. शेजारी २००१ मध्ये उघडलेल्या डिस्नेसी पार्कात अरेबियन कोस्ट नावाचा भाग आहे आणि त्यात सिंदबादची सफर आहे. सिंदबाद कोण? बगदादचा व्यापारी, गलबतावर माल लादून फिरणारा. त्या गोष्टीवर कोणाची मक्तेदारी नाही. ती आपल्या आजीच्या तोंडीही होती. पण तिचे दुकान मांडले दुसऱ्यांनी.

११ मार्च २०११

नाव भाड्याने मिळते. भरवसा भाड्याने मिळत नाही. याचा पुरावा ११ मार्च २०११ च्या भूकंपाने दिला. त्या दुपारी दोन्ही पार्कांत मिळून सुमारे ७०,००० पाहुणे होते. तिथे काम करणारे बहुतांश अर्धवेळ, पुष्कळसे कॉलेजात शिकणारे. त्यांनी वरिष्ठांच्या हुकुमाची वाट पाहिली नाही. दुकानातील मऊ बाहुल्या उचलल्या आणि डोके झाका म्हणून लोकांच्या हाती दिल्या. विक्रीचा खाऊ फुकट वाटला. थंडीपासून बचावासाठी खोकी आणि प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या. गाड्या बंद पडल्यामुळे सुमारे २०,००० लोकांनी रात्र तिथेच काढली. बाहुलीचे पैसे कोण भरणार, असे कोणी विचारले नाही, कारण पाहुण्याचा जीव आधी आणि माल नंतर, हे त्यांना कामाच्या पहिल्या दिवसापासून शिकवलेले होते आणि त्याचा सराव वर्षभर चालत असे.

आणखी एक गोष्ट जमिनीखालची. भरावाची जमीन भूकंपात चिखलासारखी होते. उरायासूच्या वस्तीत रस्ते खचले, घरे कलली, पार्कच्या वाहनतळालाही तडे गेले. पण खेळ आणि इमारती असलेल्या जागेची जमीन बांधकामापूर्वीच वाळूचे खांब दाबून घट्ट केलेली होती. तिथे नुकसान थोडे झाले. ज्या खर्चाचा एकही येन गिऱ्हाइकाच्या नजरेस पडत नव्हता, तोच खर्च त्या दिवशी कामी आला. १५ एप्रिल २०११ रोजी डिस्नेलँड पुन्हा उघडले. त्या तारखेला पार्कला बरोबर २८ वर्षे पूर्ण होत होती.

हीच वृत्ती आजही दिसते. १९८३ पासून गर्दी खेचणारा स्पेस माउंटन हा खेळ ३१ जुलै २०२४ रोजी बंद केला, तो पाडून २०२७ मध्ये नवा उघडण्याच्या बेताने. चालते ते मोडायचे कशाला, असे तिथे कोणी म्हटले नाही.

चाचांचा निर्णय

परतताना चाचांनी आपला विचार सांगितला आणि दुसऱ्या दिवशी खरेदीदाराला तो कळवलाही. तुमच्या नमुन्याचा माल तुमच्या लेबलखाली देऊ. मजुरी आणि मुदत कागदावर हवी. पण जो नमुना आमचा आहे, त्याच्या आतल्या बाजूला आमचा ठप्पा राहील. तरुण लूमवाल्याला धास्ती वाटली. "चाचा, ऑर्डर हातची गेली तर?" चाचा म्हणाले, "अर्धी गेली तर अर्धी राहील. नाव गेले तर काय राहील?" खरेदीदाराने पहिल्या अटीला होकार दिला, दुसरीचे उत्तर हा लेख लिहीपर्यंत आलेले नाही.

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी यातून काय घ्यावे? दुसऱ्याचे नाव वापरण्यात कमीपणा नाही. ओरिएंटल लँडनेही तेच केले. फरक इतकाच की त्यांनी नावाचे भाडे मोजले आणि हातात दुकान, गिऱ्हाईक व नफा ठेवला. आपण बहुधा उलटा सौदा करतो : मेहनत आणि जोखीम आपली, दुकान आणि गिऱ्हाईक दुसऱ्याचे. म्हणून जॉब वर्क घेताना तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. नमुना कोणाचा हे कागदावर असावे. एकूण कामातला थोडा तरी भाग स्वतःच्या ठप्प्याखाली विकला जावा. आणि आपले काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होईल अशी एक तरी जागा असावी, मग ती दुकानाच्या पायरीवरची का असेना. बरकत देणारा अल्लाह आहे. पण हिशेब लिहिणे आणि ठप्पा मारणे हे काम आपल्याच हातांनी करायचे आहे.