घरचा ग्रंथ ग्रंथालयांत कसा जातो?

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत देवगाव फाटा म्हणून एक ठिकाण आहे. जालना-मंठ्याकडून येणारी वाहतूक येथें सेलू व जिंतूर अशा दोन दिशांस वळते. अशा ठिकाणच्या एखाद्या गृहस्थानें आयुष्यभर आपल्या भागाचा इतिहास जमविला आणि अखेर पदरच्या पैशानें ग्रंथ छापविला, अशी क्षणभर कल्पना करावी. ५०० प्रती, फर्मे शिवून केलेली पुठ्ठ्याची भक्कम बांधणी, पाठीवर ठळक नांव. गठ्ठे घरीं येतात, पूजा होते, कांहीं प्रती आप्तेष्टांस वाटल्या जातात. आणि बाकीचे गठ्ठे माळ्यावर चढतात. ग्रंथ छापला म्हणजे तो प्रसिद्ध झाला, ही समजूतच येथें घातक ठरते. छपाई हें अर्धें काम होय. उरलेलें अर्धें रस्त्यावरचें आहे.

महाराष्ट्रांत हें दुसरें अर्धें काम ज्यांनीं आधीं केलें व मग ग्रंथ छापला, असे पुरुष म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे एकंदर २३ खंड झाले. पहिला १९२० सालीं निघाला. एवढा खर्च कोणा एकट्याच्या आवांक्यांतला नव्हता. म्हणून केतकरांनीं ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली, तिचे भाग विकले आणि गांवोगांव हिंडून वर्गणीदार मिळविले. घेणारा आधीं, ग्रंथ मागून, हा त्यांचा क्रम होता. लहान ग्रंथकारानेंही तोच क्रम ध्यानांत ठेवावा.

कागदोपत्रीं करावयाच्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक. हा तेरा आंकडी क्रमांक नवी दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो व त्यासाठीं शुल्क पडत नाहीं. ग्रंथकार स्वतःच प्रकाशक असेल तर त्यालाही तो मागतां येतो. कागदी व पुठ्ठ्याची अशा दोन बांधण्या काढल्यास प्रत्येकीस वेगळा क्रमांक घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट १९५४ च्या कायद्याची. त्याप्रमाणें प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आंत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांस प्रत्येकीं एक प्रत स्वखर्चानें पाठवावयाची असते. पुष्कळांस हा दंड वाटतो. वस्तुतः हा विमा आहे. माळ्यावरच्या गठ्ठ्यांस वाळवी लागली तरी चार ठिकाणीं ग्रंथ जिवंत राहतो.

आतां दुकानदाराकडे वळूं. अनोळखी ग्रंथकाराचें पुस्तक दुकानदार बहुधा रोख विकत घेत नाहीं. विकलें गेल्यास पैसे, न गेल्यास परत, या बोलीनें ठेवतो. शिवाय त्याचें कमिशन असतें. हिशेब मांडून पाहावा. प्रतीस १५० रुपये खर्च आला, तर ५०० प्रतींस ७५,००० रुपये लागले. किंमत ३०० ठेवली व ४० टक्के कमिशन दिलें, तर हातीं १८० येतात. बांधाबांध व वाहतूक २० रुपये धरल्यास १६० उरतात. भेट, अभिप्राय व कायदा यांपायीं ५० प्रती गेल्या, तर राहिल्या ४५०. त्या सर्वच्या सर्व खपल्या तरी ७२,००० रुपयेच जमतात, म्हणजे ग्रंथ पुरता विकला जाऊनही ३,००० रुपयांची खोट येते! किंमत ३५० असती तर ३९५ प्रतींतच खर्च निघाला असता. संकोचानें किंमत कमी ठेवणें म्हणजे औदार्य नव्हे, अज्ञान होय. उलट छपाईपूर्वींच शंभर वर्गणीदारांनीं प्रत्येकीं २५० रुपये दिले, तर एकतृतीयांश खर्च आधींच भागतो.

ग्रंथालयांची वाट निराळी आहे. महाराष्ट्रांत १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वयें मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केलेले आहेत व त्यांस शासनाचें अनुदान मिळतें. ग्रंथालय संचालनालयाकडून निवडक ग्रंथांची यादी प्रसिद्ध होते. त्या यादीसाठीं आपला ग्रंथ मुदतींत सादर करणें हें ग्रंथकाराचें काम. तें दुसरा कोणी करीत नाहीं. १९७२ सालीं कोलकात्यास स्थापन झालेलें राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानही ग्रंथालयांना ग्रंथखरेदीसाठीं साहाय्य करतें. बांधणीचें महत्त्व येथेंच कळतें. घरच्या कपाटांत पातळ बांधणी चालते. ग्रंथालयांत एक प्रत कित्येक हातांतून जाते. नुसत्या डिंकानें चिकटविलेलीं पानें लवकर सुटतात, शिवलेले फर्मे टिकतात. ग्रंथपाल पुस्तक उघडून आधीं पाठ पाहतो, तें उगीच नव्हे.

तेव्हां देवगाव फाट्याच्या त्या गृहस्थानें काय करावें? सेलू, जिंतूर, परभणी येथील ग्रंथालयांच्या चिटणिसांस आधीं पत्रें लिहावीं, विषय व किंमत कळवावी, प्रत्यक्ष भेटावें, आणि किती होकार आले तें मोजून मगच छपाईचा आंकडा ठरवावा. ५०० ऐवजीं २०० प्रती काढाव्या लागल्या तर प्रतीचा खर्च वाढेल, पण एकूण पैसा कमी अडकेल. प्रत्येक प्रत कोठें गेली याची वही ठेवावी. दुकानांतून सहा महिन्यांनीं हिशेब मागावा. ज्याच्या वहींत दोनशे नोंदी आहेत त्याचा ग्रंथ दोनशे घरीं पोंचला. ज्याच्या माळ्यावर चारशे प्रती आहेत त्याचा ग्रंथ अजून छापखान्यांतून बाहेरच पडलेला नाहीं.