वापशावरचा शाळू

भंडारदऱ्याला ज्वारी दिसत नाही. घाटघर, साम्रद, रतनवाडी या पट्ट्यात पावसाळाभर डोंगर निथळत असतो. खाचरांत भात, उतारावर नाचणी आणि वरई. एवढं पाणी शाळवाला, म्हणजे रब्बीच्या ज्वारीला, सोसत नाही. पण १९२६ साली इथं पुऱ्या झालेल्या विल्सन धरणानं जे पाणी अडवलं, ते पूर्वेकडच्या ज्वारी-बाजरीच्या दुष्काळी मुलखासाठी. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणारे प्रवरा नदीचे कालवे जिथं पोचले तिथं पुढे ऊस उभा राहिला. शाळू माळांकडे सरकला. संगमनेर तालुक्यात तळेगाव दिघ्याच्या बाजूला असंच एक रान मी काढणीच्या वेळी पाहिलं.

काढणी बघायची तर दिवस उगवायच्या आत बांधावर असावं. दवानं पात मऊ असते तोवर काम सोसतं. ऊन चढलं की पात हाताला कापते आणि कूस अंगभर खाजते. विळा कुणाच्याच हाती नव्हता. मुठीत मावतील तेवढी धाटं धरायची, कंबरेतून झटका द्यायचा, मुळासकट उपसायची, पायावर आपटून माती झाडायची आणि कणसं एका बाजूला येतील अशी ओळीनं पाडायची. पुन्हा वाकायचं. तळहाताला चिंध्या बांधलेल्या एका बाईंना विचारलं, कापत का नाही? "भाऊ, कापली तर वीतभर कडबा रानातच राहतो, अन् त्याचे सड पायात घुसतात ते निराळंच."

त्या वीतभर कडब्यात या पिकाचं सगळं गणित आहे. दाणा माणसाचा, धाट जनावराचं. बुटक्या जातीची ज्वारी यंत्रानं झटपट निघते, पण ज्याच्या गोठ्यात गाई आहेत त्याला ती परवडत नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी इतकी वर्षं टिकली ती टपोऱ्या, मोत्यासारख्या दाण्याबरोबर तिच्या उंच कडब्यामुळेही. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं पुढे जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा.

पायाखाली जमीन भेगाळलेली होती. अशा कोरड्या रानात पुरुषभर उंच पीक उभं राहतं कसं, याचं उत्तर पेरणीत आहे. पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबर या महिन्यात, वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, साधून, दोन चाड्यांच्या पाभरीनं खत आणि बी एकदमच पेरतात. एकरी चार किलो बी, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर. त्यानंतर पाऊस पडेलच असं नाही. मुळं खालची ओल शोधत जातात आणि वरून ती ओल उडू नये म्हणून माणसं कोळपत राहतात. तिसऱ्या आठवड्यातली कोळपणी तणासाठी. पाचव्या आठवड्यातली जमिनीला भेगा पडू लागतात तेव्हाची. आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं माती ओढून भेगा बुजवतात. ही शेवटची कोळपणी टाळली तर साठवलेली ओल त्या फटींतूनच निघून जाते. धरण बांधण्याइतकंच हेही पाणी अडवणं आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता निळवंडे धरणाचं पाणी या बाजूला येऊ लागलंय. डाव्या कालव्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२३मध्ये झालं. पाण्याबरोबर कांदा येईल, ऊसही येईल, आणि ज्याला पैसा हवा त्याला कुणी दोष देऊ नये. तरी शाळवाला या पाण्याचा लहानसा वाटा मिळावा. त्याला चार-पाच पाळ्या लागत नाहीत. एकच पाणी द्यायचं झालं तर ते पोटरीत, पन्नास-पंचावन्न दिवसांच्या सुमारास द्यावं, अशी विद्यापीठाची शिफारस आहे. उसाच्या तहानेपुढे हे काहीच नाही.

काढलेली ज्वारी रानात वाळली की बाया कणसं मोडतात. मळणी यंत्रावर लवकर उरकते. पेंढ्या मात्र पुन्हा पहाटेच, दवात बांधायच्या, कारण वाळलेलं धाट तटकन मोडतं. मग गंज रचायची: बुडखे बाहेर, शेंडे आत, वरून पाणी ओघळून जाईल असा उतार. घरच्या गाईंना पुढच्या पावसापर्यंत पुरेल एवढा कडबा आधी बाजूला काढतात. विकायचा तो शेकड्यावर, पेंढ्या मोजून, आणि गिऱ्हाईक प्रत्येक पेंढीचा बुडखा हातात धरून बघतं.