विश्लेषण : शर्टाचे बटण लावणे हा शाळेचा विषय का? विशेष मुलांना जीवनकौशल्ये कशी शिकवतात?

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या शाळेत दात घासणे, डबा उघडून खाणे, बटण लावणे, पैसे मोजणे यासाठीही तास ठेवलेले असतात. ‘हे तर घरीही शिकवता येईल, मग शाळा कशाला?’ असा प्रश्न अनेक पालकांना पडतो. पण मोफत शिक्षणाचा हक्क १८ वर्षांपर्यंतच आहे. तोवर मूल स्वतःचे किती करू लागले, यावर त्याचे पुढचे आयुष्य बरेच अवलंबून असते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, पसंतीनुसार, मोफत शिकण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. मुंबईतील जय वकील शाळेसारख्या संस्था १९४४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करत आहेत.

शाळेत नेमके काय करतात?

विशेष शिक्षक आधी मुलाला काय येते ते तपासतात आणि त्याच्यापुरता शैक्षणिक आराखडा तयार करतात. मग एका कामाचे छोटे तुकडे पाडले जातात. हात धुणे म्हणजे नळ उघडणे, हात ओले करणे, साबण घेणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे आणि पुसणे अशा सात पायऱ्या. मूल कोणत्या पायरीवर अडते, याची नोंद ठेवली जाते.

मदतही टप्प्याटप्प्याने कमी होते. सुरुवातीला हात धरून करून घेतात, नंतर फक्त करून दाखवतात, मग तोंडी सूचना किंवा नुसती खूण. शेवटी तीही थांबते.

शेवटची पायरी आधी का?

टी-शर्ट घालायला शिकवताना शिक्षक अनेकदा डोके आणि हात घालून देतात, मुलाने फक्त तो कमरेपर्यंत ओढायचा. ते जमले की त्याच्या आधीची पायरी मुलाकडे येते. यात प्रत्येक वेळी काम मुलाच्याच हातून पूर्ण होते. त्यामुळे पुन्हा करून पाहण्याची इच्छा टिकते.

शाळेत जमते, मग घरी का नाही?

याची दोन कारणे असतात. पहिले म्हणजे, एका जागी शिकलेले दुसरीकडे वापरणे या मुलांना अवघड जाते. शाळेतला नळ फिरवायचा आणि घरचा दाबायचा असेल, तर घरी पुन्हा शिकवावे लागते. म्हणूनच वर्गातल्या खोट्या दुकानातून मुलांना खऱ्या किराणा दुकानात नेतात आणि १० किंवा २० रुपयांची खरी नोट हातात देतात.

दुसरे कारण सकाळची घाई. रिक्षा दारात उभी असताना आईच बटणे लावून देते. यात पाच मिनिटे वाचतात, पण मूल वाट पाहायला शिकते. त्यामुळे घरचा सराव सुटीच्या दिवशी किंवा संध्याकाळी, निवांत वेळी घेणे सोयीचे. एका वेळी एकच काम घ्यावे आणि सूचना शाळेतल्याच शब्दांत द्यावी.

वयात येताना काय बदलते?

अंघोळ, शौच, कपडे बदलणे यासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या मुलाला गैरवर्तनाचा धोका अधिक असतो. त्यामुळे दार लावून कपडे बदलणे, नकोशा स्पर्शाला ‘नाही’ म्हणणे, विश्वासातल्या माणसाला सांगणे हेही शिकवावे लागते. मुलींना पॅड वापरण्याचा सराव पाळी सुरू होण्याआधीच दिला, तर ऐनवेळी घाबरगुंडी उडत नाही.

१८ नंतर काय?

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. कायदेशीर पालक सह्या करू शकतो, व्यवहार पाहू शकतो. रोजची अंघोळ, जेवण, कपडे यांचा प्रश्न मात्र त्यातून सुटत नाही. संरक्षित कार्यशाळेत काम मिळवायचे, तरी शौचाला स्वतः जाणे, ठरलेला वेळ एका जागी बसणे आणि मदत मागणे यावे लागते.

पालकांनी शाळेला काय विचारावे?

* या सहामाहीत माझ्या मुलासाठी कोणते काम निवडले आहे?
* ते सध्या कोणत्या पायरीवर आहे आणि किती मदत लागते?
* शाळेत कोणते शब्द आणि खुणा वापरता?
* घरी आम्ही कोणती मदत थांबवायची?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना सांगावे. नाहीतर शाळेत सुटलेली मदत घरी पुन्हा सुरू होते.