मुक्ता साळवेच्या निबंधाला किती गुण?

‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध आपल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या लिहिला जातो. त्यात मोर नाचतो, इंद्रधनुष्य उमटते, धरतीमाता हिरवा शालू नेसते. विक्रोळी पार्कसाईटच्या टेकडीवरचा मुलगाही तेच लिहितो. १८ जुलै २०२१ च्या पहाटे याच टेकडीच्या अंगाला, सूर्यनगरात, दरड कोसळून घरे गाडली गेली, माणसे दगावली. ती रात्र ज्याने जागून काढली त्याच्या वहीतही मोरच नाचत असेल, तर दोष त्या मुलाचा नव्हे. मोराला गुण मिळतात, दरडीला मिळत नाहीत, हे त्याला आपण शिक्षकांनीच शिकवले आहे.

येथल्या एका विहारात मी दर रविवारी नववी-दहावीच्या मुलांचा निबंधवर्ग घेतो. सुरुवात लिहिण्यापासून न करता तपासण्यापासून केली. एका जुन्या निबंधातला उतारा, नाव आणि साल झाकून, मुलांच्या हाती दिला व दहापैकी गुण द्यायला सांगितले. बहुतेकांनी तीन-चार दिले. कारण एकच : शुद्धलेखन! मग नाव सांगितले. मुक्ता साळवे, वय सुमारे चौदा, पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी. तिचा ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापला गेला. ज्या नियमांनी मुलांनी तिचे गुण कापले ते नियम १९६२ व १९७२ सालचे आहेत. एका मुलीने विचारले, “सर, मग तिचा पेपर कोणी तपासला?”

दुसऱ्या वाचनात मुलांना वेगळेच सापडले. मुक्ता नुसती रडत नाही, ती वाद घालते. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आम्ही धर्मपुस्तकावाचून आहोत, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सरळ सवाल आहे. आणि बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांचे थंडीपावसातले हाल ती सांगते. म्हणजे पाऊस तिच्याही निबंधात आहे, फक्त मोर नाही. यावरून वर्गानेच तपासणीचे तीन प्रश्न ठरवले. लिहिणाऱ्याने काय पाहिले? तो कोणाला, काय विचारतो? त्याचे म्हणणे पटावे म्हणून काय पुरावा देतो?

मग स्वतःचा पाऊस. जोड्या केल्या. एकाने सांगायचे, दुसऱ्याने फक्त विचारायचे : किती वाजले होते? पाणी कुठून आले? घरातून आधी काय उचलले? त्यानंतरच पेन. ‘मुसळधार पाऊस कोसळू लागला’ या वाक्याच्या जागी ‘मागच्या भिंतीतून माती यायला लागली तेव्हा आईने आधी रेशनकार्ड काढले’ हे वाक्य आले.

वह्यांची अदलाबदल झाली तेव्हा लक्षात आले की गुण कापण्यात मुले मास्तरांहून कठोर असतात. म्हणून पहिल्या वाचनाला लाल पेन बंद, पेन्सिल चालू. ‘छान’ हा शेराही बंद. डोळ्यांपुढे उभे राहिलेले एक वाक्य अधोरेखित करायचे आणि जिथे अडले तिथे एक प्रश्न लिहायचा. लेखकाने फेरलेखन केल्यावरच शुद्धलेखन. साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमणार, असे शिक्षकमित्र विचारतात. साठ वह्या एकट्याने तपासण्यापेक्षा हे नक्कीच जमते.

‘व्हतं’वर मात्र भांडण झाले. प्रमाणभाषा प्रस्थापितांची, ती झुगारून द्या, असे आमचे काही कार्यकर्ते म्हणतात. मला ते मान्य नाही. आईच्या तोंडी ‘व्हतं’ राहील, ते खोडणारा मूर्ख. पण निवेदनात मुलाला ‘होते’ लिहिता आलेच पाहिजे. बोर्डाचा परीक्षक आपल्या विहारात येत नाही. मुक्तानेही आपले दुःख छापील मराठीतच मांडले होते.

आणखी एक सांभाळावे लागते. दुःख लिहिण्याची सक्ती करता कामा नये. एका मुलाने दरडीच्या रात्रीवर लिहायला साफ नकार दिला. त्याने टेकडीवर पाणी चढवणाऱ्या पंपावर लिहिले. त्यालाही तेच तीन प्रश्न लावले. जोडीदाराने पेन्सिलीने लिहिले : ‘पंप बंद पडला की पाणी कोण आणतं?’ पुढच्या रविवारी त्याने तेवढ्यावरच दीड पान लिहून आणले. त्याचे शुद्धलेखन अजून तपासायचे आहे.