लॅपटॉप सुरू होत नाही तेव्हा

गेल्या डिसेंबरात, प्रकल्प सादर करायला चार दिवस उरले असताना, माझा लॅपटॉप सुरू होईना. दिवा नाही, आवाज नाही. आजीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यातच होत्या. आजी आता नाही. दुकानदाराने यंत्र न उघडताच "मदरबोर्ड गेला" असा निकाल दिला.

मामा म्हणाले, "नळाला पाणी आलं नाही तर तोटी फोडतो का आपण? आधी टाकी बघतो." त्या संध्याकाळी शिकलेली रीत येथे देत आहे.

वीज जेथून येते तेथून शोध सुरू करावा. प्रथम त्याच प्लगवर टेबललॅम्प लावून पाहावा. नंतर चार्जर. घरातील २३० व्होल्टची वीज तो सुमारे १९-२० व्होल्टवर आणतो. त्याची भिंतीकडची वायर बहुधा सुटी होते; ती सैल किंवा तुटलेली नाही ना, हे तपासावे. दुसऱ्याचा चार्जर लावताना पिन आणि व्होल्टचा आकडा जुळलाच पाहिजे.

त्यानंतर लॅपटॉप. चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढावी आणि बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत साठून राहिलेला विद्युतभार त्यामुळे निघून जातो. मग फक्त चार्जर लावून बटण दाबावे. पंख्याचा आवाज येतो पण पडदा काळाच, असे असेल तर यंत्र जिवंत आहे. प्रोजेक्टर जोडल्यास चित्र दिसण्याचा संभव असतो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. फुगलेली बॅटरी वापरू नये किंवा टोचू नये, आणि पाणी सांडलेल्या लॅपटॉपला वीज जोडू नये.

माझ्याकडे दोष निघाला तो भिंतीकडच्या वायरीत! चार्ज होत आहे या समजुतीत बॅटरी पार रिकामी झाली होती. मैत्रिणीची वायर लावली आणि दहा मिनिटांनी दिवा लागला.

मदरबोर्ड खरोखरच गेला असता, तरी ओव्या बहुधा वाचल्या असत्या. लिखाण असते डिस्कवर, आणि पुष्कळ लॅपटॉपांतून ती काढून दुसरीकडे वाचता येते. म्हणून दुरुस्तीला देताना "डिस्क पुसू नका" हे आधी सांगावे. त्याहून बरे म्हणजे वेळीच दुसरी प्रत करावी. आजीच्या ओव्यांची छापील प्रत आता आत्याच्या पेटीत आहे.