पंधरा ते आठ

"लिफ्टसमोर रांगोळी काढली तर चालेल का हो?"

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तेव्हापासून डिलाईल रोडच्या चाळींतही ज्याच्या-त्याच्या तोंडी तेच प्रश्न आहेत. आपला नंबर कधी, मेंटेनन्स किती बसणार, गाडी कुठे लावायची? माझ्या ओळखीच्या एका काकूंनी विचारला तो वरचा. त्यांची चाळ अजून उभी आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फूट मिळणार, हे त्यांना पाठ आहे. त्या हिशेबात दाराबाहेरचे तीन फूट मात्र त्यांना कुठे सापडत नाहीत.

खरं तर या रविवारसाठी मला दिलेला विषय वेगळा होता. लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांतून सध्या 'मंडला'च्या, 'झेंटँगल'च्या कार्यशाळा भरतात. आठ-दहा जणांचं टोळकं, काळं पेन, जाड कागद आणि मनःशांती. त्यावर लिहा, दिवाळीही तोंडावर आहे, असं सांगण्यात आलं. (लालबाग-परळात 'मंडल' म्हटलं की लोक वर्गणीची पावती येणार असं समजतात, ही पहिली अडचण.) मी गेलो. फी ऐकून दारातून परतणार होतो, पण लेख द्यायचा होता.

आणि सांगायला हरकत नाही, मजा आली. मोबाइल एका टोपलीत. समोर साडेतीन इंचांचा चौकोनी कागद. आधी पेन्सिलीने एक वेडीवाकडी रेघ सोडायची, तिने कागदाचे जे तुकडे पडतील त्यांत पेनाने एकेक नक्षी भरत जायची. एकात खवले, दुसऱ्यात लाटा, तिसऱ्यात विटा. खोडरबर मिळत नाही. चुकलेली रेघ पुढच्या नक्षीत सामावून घ्यायची. शेवटी सगळ्यांचे चौकोन टेबलावर शेजारी शेजारी मांडतात आणि आठ अनोळखी माणसांची मिळून एक गोधडी तयार होते. ते दृश्य खरंच सुंदर होतं. माझ्या शेजारी बसलेल्या, बँकेत काम करणाऱ्या मुलीने दीड तासात एकदाही मान वर केली नव्हती.

झेंटँगलची ही पद्धत अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या जोडप्याने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बसवली. ती सुलेखनकार, तो काही काळ संन्याशासारखा राहिलेला. अक्षरांमागची नक्षी भरताना तिला वेळेचं भान राहत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. मग पायऱ्या ठरल्या, नावाचा ट्रेडमार्क झाला, शिकवणाऱ्यांना प्रमाणपत्रं मिळू लागली. ट्रेडमार्कबद्दल माझी तक्रार नाही. कुणीतरी पायऱ्या लिहून काढल्या म्हणूनच ती गोष्ट डिलाईल रोडपर्यंत पोहोचली. माझी तक्रार त्या वर्गात ऐकलेल्या एका वाक्याबद्दल आहे: "वर्तुळात एक प्राचीन शक्ती असते."

असते का? अमेरिकेत २००५ साली करी आणि कॅसर या दोघांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी भीतिदायक आठवण लिहायला लावून अस्वस्थ केलं आणि मग वीस मिनिटं रंगवायला बसवलं. काहींना वर्तुळाकार मंडल दिलं, काहींना चादरीवर असतात तशा चौकड्या आणि काहींना नुसता कोरा कागद. कोऱ्या कागदवाल्यांची अस्वस्थता फारशी हलली नाही. मंडल आणि चौकड्या या दोन्हींनी मात्र ती जवळपास सारखीच उतरली. २०१२ मध्ये ५० जणांवर हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा मंडल सरस ठरलं. म्हणजे वर्तुळाच्या शक्तीचा निकाल अजून लागायचा आहे. कोऱ्या कागदाचा निकाल मात्र दोन्ही वेळा एकच लागला. मन बिथरलेलं असताना 'काढा हवं ते' असं सांगणं माणसाला फारसं सावरत नाही. त्याला चौकट लागते, ठिपके लागतात.

मंडलाला मानसशास्त्रात आणणारा कार्ल युंग १९१६ पासून स्वतः मंडलं काढत होता. १९३७ च्या डिसेंबरात तो बोटीने मुंबईत उतरला. तेव्हा बीडीडी चाळी उभ्या राहून दहा-बारा वर्षं झाली होती. त्याला कुणी या बाजूला आणलं असतं, तर पॅसेजमध्ये उकिडव्या बसलेल्या बायकांना त्याने काय विचारलं असतं, असं मला उगाच वाटत राहतं.

ती चाळ ज्यांनी आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की बीडीडीला गिरगावातल्यासारखी उघडी गॅलरी नाही. मधोमध लांब, अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा दारं, एकमेकांकडे तोंड करून. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात गिरणी कामगारांसाठी असं बांधलं, तेव्हा रांगोळीचा विचार कुणी केला नसणार. पण समोरासमोरच्या दोन दारांमध्ये जो चौकोन उरला, तो दिवाळीत गेरूने लाल होतो. एका वेळी वीस घरांच्या बायका-पोरी जमिनीवर. कुणाचा पाय कुणाच्या रांगोळीत पडतो, त्यावरून भांडण होतं, आणि तेही थोड्या वेळाने विरतं.

आमच्या काकू या पॅसेजमध्ये मुलींना रांगोळी शिकवतात. मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीआधीचे पंधरा दिवस. फी नाही. पाच-सहा मुली असतात, यंदा दोन मुलगेही आहेत. सातवीला पोचण्याऐवजी नुसतीच उंची गाठलेला एकजण फार नेटका हात चालवतो. काकूंना मी विचारलं, हे ध्यानासारखं वाटतं का? त्या म्हणाल्या, "ध्यान कसलं डोंबलाचं. ठिपके मोजताना दुसरं काही सुचत नाही, एवढंच."

मी कार्यशाळेत शिकलो त्यापेक्षा या वाक्यात जास्त सांगितलं आहे, असं माझं मत. काकूंचा वर्ग बघितलात तर पटेल. पहिले दोन दिवस नुसते ठिपके. रेघ नाही, रंग नाही. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून पूड सुटते कशी, हात जमिनीपासून किती वर ठेवायचा, हे बोटांनाच कळावं लागतं. उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद घरोघरी असतो, पण तो पहिल्या आठवड्यात वापरायला बंदी. तिसऱ्या दिवशी 'पाच ते तीन'. मधली ओळ पाच ठिपक्यांची, तिच्या वर-खाली चार-चारच्या, मग तीन-तीनच्या. प्रत्येक ठिपका वरच्या दोघांच्या मध्ये. हे जमलं की 'नऊ ते पाच' आणि शेवटी 'पंधरा ते आठ'. त्यात एकूण १६९ ठिपके होतात, करून बघा. मोजायचं ते तोंडाने, मोठ्यांदा. एक चुकली की सगळ्यांची लय चुकते, म्हणून सगळ्याच सावध.

बाकी नियम दोनच. दुसरीच्या रांगोळीला बोट लावायचं नाही, काकूसुद्धा लावत नाहीत. चुकलेलं दाखवायचं असेल तर स्वतःच्या चौकोनात काढून दाखवतात. आणि चुकलं तर ओला फडका. इथे कार्यशाळेचं आणि पॅसेजचं जुळत नाही. तिथे खोडरबर नसणं हे तत्त्वज्ञान होतं, इथे फडका बादलीच्या काठावर तयार असतो. मला फडका जास्त आवडतो. पुसता येतं हे माहीत असलेल्या हाताला भीती वाटत नाही. तसंही उद्या सकाळी पुसायचंच असतं.

आता थोडं चेन्नईजवळच्या तांबरमला जाऊन येऊ. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी नावाचे प्राध्यापक होते. पक्षी, ब्राह्मी लिपी, संख्याशास्त्र, कशातही रमणारे. त्यांनी आणि त्यांच्या गणितज्ञ पत्नी राणी सिरोमनी यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये एका संगणकशास्त्राच्या नियतकालिकात कोलमवर, म्हणजे तमिळ रांगोळीवर, लेख छापला. भाषेला व्याकरण असतं तसं कोलमलाही असतं, मोजके नियम पुन्हा पुन्हा लावून अगणित नक्ष्या निघतात, असा त्याचा गाभा. मला त्यांचं पुढचं काम अधिक मोलाचं वाटतं. एवढी गुंतागुंतीची कोलमं बायका लक्षात कशी ठेवतात, हे त्यांनी त्या काढणाऱ्या बायकांकडूनच समजून घेतलं. उत्तर असं की त्या चित्र आठवत नाहीत, हाताच्या हालचाली आठवतात. सरळ जा, ठिपक्याला डावीकडून वळसा घाल, पुन्हा सरळ. काकूंची वही त्यामुळेच जवळपास कोरी असते. वर '११ ते ६, कमळ' एवढंच लिहिलेलं आणि खाली किराण्याचा हिशेब.

आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्यातून जाते, तमिळ कोलमच्या एका प्रकारात ती ठिपक्यांना वळसे घालते. माटुंग्याच्या जुन्या इमारतींच्या दारात ही कोलमं दिसतात. याच जातीची वाळूतली चित्रं आफ्रिकेत अंगोलातले चोक्वे लोक काढत, त्यांना 'सोना' म्हणतात. त्यातली एक गंमत मुलांना हमखास आवडते. ठिपक्यांची आयताकृती मांडणी घ्या, तिरक्या रेघेने सगळ्यांभोवती फिरा, कडेला आलात की भिंतीवर चेंडू आपटावा तसे वळा. ओळी तीन आणि उभे रकाने चार असतील, तर एकाच रेघेत सगळे ठिपके गुंडाळले जातात. चार बाय चारला चार वेगळ्या रेघा लागतात, चार बाय सहाला दोन. दोन्ही आकड्यांचा मसावि काढा, तितक्या रेघा! मसावि कशाला शिकायचा, असं विचारणाऱ्या त्या उंच मुलाला मी हे दाखवलं. त्याने पाच बाय सात काढून बघितला आणि मला खोटं पाडायला बसला. अजून बसलेला आहे.

ज्यांना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसवत नाही त्यांनी काळा कार्डपेपर आणि पांढरं जेल पेन घ्यावं, टेबलावर बसावं. मी आमच्या इमारतीतल्या सहा ज्येष्ठांबरोबर चार शनिवार हे करून पाहिलं. माझे दोन अनुभव: सहापेक्षा जास्त माणसं झाली की गप्पा जिंकतात, आणि 'छान आलंय' असं म्हणणारा एकजण असला की बाकीचे आपापला कागद झाकायला लागतात. म्हणून आम्ही कौतुकावर बंदी घातली. सगळे कागद शेजारी मांडायचे, हे मात्र गिरणीच्या आवारातून उचललं.

कौतुक लागत नाही, तसं कौशल्यही लागत नाही. अमेरिकेत गिरिजा कैमल यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, मार्कर, कात्रणं यांत रमू दिलं. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, उतरलं. आधी चित्रकला येत होती की नाही, याने फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावरून कुणी रक्तदाबाची गोळी बंद करू नये. पण 'माझा हात चांगला नाही' ही सबब त्याने निकालात निघते.

पॅसेजची गोष्ट फक्त दिवाळीची नाही, हेही सांगायला हवं. बीडीडीत १४ एप्रिललाही जमीन रंगते. खिळा आणि सुतळी घेऊन अशोकचक्र काढणारे एक गृहस्थ मी पाहिले आहेत. चोवीस आरे सारख्या अंतरावर पाडायचे म्हणजे खायचं काम नाही. ते त्रिज्येएवढीच सुतळी परिघावर सहा वेळा टेकवतात, सहा भाग झाले की दोनदा अर्धे करतात. कोनमापक नाही. पोरं भोवती गप्प उभी असतात. त्या गप्प बसण्याला फी लावली तर किती येईल, याचा हिशेब लोअर परळने कधीच केला आहे.

नव्या इमारतीत स्वतःचा संडास असेल, दोन बेडरूम असतील, उन्हं येतील. ज्यांनी सार्वजनिक संडासापुढच्या रांगेत जन्म काढला, त्यांना पॅसेजच्या आठवणींचं कौतुक सांगायला मी जाणार नाही. काकूही खूश आहेत. चाळ वाचवा, असं त्यांचं अजिबात म्हणणं नाही. त्यांना फक्त लिफ्टसमोरची जागा हवी आहे.

तेव्हा होऊ घातलेल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना एक विनंती. पोटनियमांत 'सामायिक जागेत काही ठेवू नये' असं कलम येईलच, आग लागली तर वाट मोकळी हवी म्हणून ते यावंच. पूड जमिनीला चिकटून असते, वाट अडवत नाही. त्या कलमाखाली एक ओळ घाला: वसुबारस ते भाऊबीज मजल्यावरची लादी सकाळी दहाच्या आधी पुसू नये.