आलेले मॉडेल, निघणारा जॉब

स्टेप फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्या ओळीत 'आयएसओ-१०३०३-२१' एवढेच दिसते. त्याखाली क्रमांक लावलेल्या हजारो ओळी असतात. एक ओळ बिंदूची, दुसरी त्या बिंदूतून जाणाऱ्या रेषेची, तिसरी दंडगोल पृष्ठाची, चौथी त्या पृष्ठाच्या कडांची. आकार नेमका कसा आहे ते त्यात काटेकोरपणे सांगितलेले असते. पण हे भोक एम८च्या टॅपसाठी आहे, ही बाजू मशीन करायची आणि ती कास्टिंगचीच ठेवायची, हे बहुतेक फाइलींत कुठेच नसते.

भोसरी, वाळूज किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीत जॉब वर्क करणाऱ्या शॉपमध्ये पार्टीकडून बहुधा अशीच फाइल येते आणि सोबत एक पीडीएफ ड्रॉइंग. या दोहोंवरून व्हीएमसीचा प्रोग्रॅम काढायचा असतो. लोकांना वाटते, मॉडेल आले म्हणजे निम्मे काम झाले. प्रोग्रॅमरला विचारा, त्याचे पहिले काम असते ते मॉडेल दुरुस्त करण्याचे.

एका सॉफ्टवेअरमधले मॉडेल दुसऱ्यात नेण्याची अडचण कॅडइतकीच जुनी आहे. अमेरिकी हवाई दलाच्या पुढाकाराने, बोइंग आणि जनरल इलेक्ट्रिकच्या सहभागाने १९८०मध्ये आयजेस हे सामाईक स्वरूप प्रसिद्ध झाले. त्याची प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, कारण तो पंचकार्डाचा वारसा होता. आयजेसमधून मुख्यतः पृष्ठे यायची. ती एकमेकांना नीट शिवलेली असतीलच याची खात्री नसायची. म्हणून १९८४पासून स्टेपवर काम सुरू झाले आणि १९९०च्या दशकाच्या मध्यात ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. यातून भरीव मॉडेल भरीव म्हणूनच पोचू लागले.

तरीही सगळे सुटले नाही. अमेरिकेतल्या मोटार उद्योगात एका सॉफ्टवेअरचा डेटा दुसऱ्याला न समजल्यामुळे वर्षाला किमान १ अब्ज डॉलर वाया जातात, असा अंदाज तिथल्या 'निस्ट' या मानक संस्थेने १९९९मध्ये करून घेतलेल्या अभ्यासात निघाला. २००६मध्ये एअरबस ए-३८० रखडले त्यामागे हेच दुखणे होते. हॅम्बुर्गचे अभियंते कॅटियाची चौथी आवृत्ती वापरत होते, तुलूजचे पाचवी. विमानात वायरिंग बसवायची वेळ आली तेव्हा वायरी आखून दिलेल्या वाटेने पुरेनात.

हरवते काय? प्रोई, सॉलिडवर्क्स, एनएक्स यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल पायऱ्यापायऱ्यांनी बनते. आधी स्केच, मग ते उचलून ठोकळा, मग भोके, शेवटी फिलेट. स्केचमधले माप बदलले की पुढचे सगळे आपोआप बदलते. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रोईने रूढ केली. स्टेपमध्ये ही साखळी येत नाही. शिजलेली भाजी ताटात येते, कृती स्वयंपाकघरातच राहते. सॉलिडवर्क्सच्या डाव्या यादीत एकच ओळ उमटते: 'इम्पोर्टेड'. तिच्यावर डबल क्लिक केले तर बदलायला एकही माप हाती लागत नाही.

म्हणून पहिली पायरी तपासणीची. एकक बरोबर आहे का? इंचातले मॉडेल मिलिमीटर समजून उघडले तर २५.४ पटींचा घोळ. फाइलमध्ये एकक लिहिलेले असते, तरी ड्रॉइंगवरचे एक माप मोजून ताडून पाहणे हा शहाणपणा. मग पृष्ठांतल्या फटी. सॉलिडवर्क्स, सॉलिड एज आणि एनएक्स या तिघांच्या पोटात पॅरासॉलिड हे एकच गणिती इंजिन आहे आणि त्याची अचूकता मीटरचा दहा कोटीवा भाग, म्हणजे १० नॅनोमीटर. दुसऱ्या इंजिनाने शंभरावा मिलिमीटर सैल सोडलेली कड या इंजिनाला फट वाटते आणि भरीव मॉडेल पोकळ पृष्ठांचे होऊन बसते. ती फट बुजवायची किंवा बिघडलेले पृष्ठ काढून आजूबाजूच्या कडांवरून नवे बसवायचे. केसाएवढी चिंचोळी पृष्ठेही शोधून काढावी लागतात. तशीच राहिली तर तिथे टूलपाथ तुटतो, मशीन क्षणभर अडखळते आणि फिनिश झालेल्या बाजूवर डाग उमटतो.

मोटारींच्या भागांत आणखी एक गंमत असते. ते पुष्कळदा अख्ख्या गाडीच्या अक्षांवर बेतलेले असतात. हाताएवढा ब्रॅकेट शून्य बिंदूपासून दोन मीटरवर, तिरका, हवेत लटकलेला दिसतो. त्याला ड्रॉइंगवरच्या डेटमप्रमाणे सरळ करून शून्य फिक्स्चरच्या कोपऱ्यावर आणल्याशिवाय ऑपरेटर मशीनवर काय सेट करणार?

एवढे झाल्यावर खरे संपादन सुरू होते. डिझायनर मॉडेल काढतो ते मूळ मापाचे. टॉलरन्स ड्रॉइंगवर राहतो. समजा पॉकेट ५० मिमीचा आहे आणि ड्रॉइंग म्हणते अधिक ०.०५ ते अधिक ०.१०. मॉडेल बरोबर ५०.०००. टूलपाथ मॉडेलवरून निघतो, म्हणजे मशीनने चोख काम केले तर जॉब हमखास रिजेक्ट. ऑपरेटर टूलचा ऑफसेट बदलून पॉकेट मोठा करू शकतो. पण त्याच टूलने, त्याच ऑफसेटवर शेजारचा ३० मिमीचा बॉसही फिनिश होत असेल आणि त्याला उणे-अधिक ०.०२ असेल, तर पॉकेट मापात येताना बॉस ०.०७५नी बारीक होईल. दोन्ही जमवायचे तर मॉडेलमध्येच पॉकेटची प्रत्येक भिंत ०.०३७५ मिमी मागे सरकवायची. पॉकेट ५०.०७५वर, टॉलरन्सच्या बरोबर मध्यावर येतो आणि बॉस जागच्या जागी राहतो.

भोकांची कथा वेगळी. एम८चे भोक कुणी ८ मिमीचे काढतो, कुणी आट्यांच्या आतल्या व्यासाचे, म्हणजे ६.६४७ मिमीचे. टॅपिंगपूर्वी ड्रिल लागतो ६.८चा. कधी एकच दंडगोल दोन अर्ध्या पृष्ठांत फुटून येतो आणि कॅम सॉफ्टवेअर त्याला भोक म्हणून ओळखायलाच तयार होत नाही. दोन्ही अर्धी जोडून एक केली की गाडी रुळावर येते. वरची वळणदार बाजू बॉल नोजने फिनिश करायची असेल तेव्हा मात्र भोके तात्पुरती बुजवतात, नाही तर टूल प्रत्येक भोकात डोकावत जातो. आतले काटकोनी कोपरे हा तर रोजचा वाद. गोल फिरणारा टूल तसा कोपरा काढूच शकत नाही. १० मिमीच्या एंडमिलसाठी कोपऱ्यात ५.५ मिमी त्रिज्या मिळाली तर टूल कोपऱ्यात न घासता वळतो. काटकोनच हवा असेल तर ईडीएम, म्हणजे वेळ आणि पैसे दोन्ही जास्त.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत हीच कसरत उलट्या दिशेने चालते. पार्टी तयार भागाचे मॉडेल पाठवते. फाउंड्रीला त्यातून कास्टिंगचे मॉडेल करायचे असते. मशीनने पाडायची भोके बुजवा, मशीन होणाऱ्या बाजूंवर दोन-तीन मिमी माल चढवा, पॅटर्न निघावा म्हणून ड्राफ्ट द्या आणि पॅटर्नसाठी सगळे साधारण एक टक्का मोठे करा, कारण राखाडी ओतीव लोखंड निवताना तेवढे आकसते. एक टक्क्याची वाढ करण्याआधीचे मॉडेल मशिन शॉपमध्ये कच्चा माल म्हणून वापरले की टूल हवेत कमी फिरतो.

हे सगळे मापांच्या साखळीशिवाय करायचे कसे? याला दोन उत्तरे निघाली. एक, पृष्ठालाच पकडून ओढायचे. सीमेन्सने २००८मध्ये सिंक्रोनस तंत्र आणले. स्पेसक्लेम त्याच सुमारास याच कल्पनेवर उभे राहिले आणि २०१४मध्ये अॅन्सिसकडे गेले. भिंतीवर क्लिक करा, अंतर द्या, शेजारची फिलेट आपोआप जुळते. दुसरे उत्तर, सॉफ्टवेअरलाच आकार ओळखायला लावायचे: हे भोक, हा पॉकेट, हा बॉस. या कामात महाराष्ट्राचा हात ठळक आहे. सॉलिडवर्क्समध्ये आयात मॉडेलमधून फीचर ओळखून काढणारे फीचरवर्क्स हे गोदरेज समूहातल्या जिओमेट्रिकचे. कंपनी मुंबईची, पुण्यात मोठे केंद्र. आकार ओळखून टूलपाथ सुचवणारे कॅमवर्क्सही पुढे तिच्याकडे आले आणि २०१७मध्ये कंपनीबरोबर एचसीएलकडे गेले. साध्या प्रिझमॅटिक जॉबवर हे सॉफ्टवेअर झटपट चालते. फिलेटमध्ये फिलेट मिसळलेल्या कास्टिंगवर ते चाचपडते आणि तिथे पुन्हा माणूसच लागतो.

यात धोकाही आहे. फिलेट काढणे एका क्लिकचे काम. पण ती फिलेट भेगा रोखण्यासाठी दिलेली असू शकते. म्हणून चांगल्या शॉपमध्ये मूळ फाइलला हात लावत नाहीत. तिची जोडलेली प्रत घेतात आणि बदल प्रतीवर करतात. कोपऱ्याची त्रिज्या वाढवण्यासारखा बदल पार्टीच्या लेखी मंजुरीशिवाय होत नाही. मापाचा वाद झाला तर पीडीएफ ड्रॉइंग खरे धरतात, मॉडेल नाही. २०१४मध्ये आलेल्या स्टेपच्या 'एपी २४२' प्रकारात टॉलरन्स आणि डेटम मॉडेललाच चिकटून येऊ शकतात. तरी लहान शॉपच्या मेलमध्ये पीडीएफ अजून असतेच.

खरी परीक्षा होते ती रिव्हिजन 'बी' आल्यावर. नव्या स्टेप फाइलमध्ये पृष्ठांच्या जुन्या खुणा टिकत नाहीत. प्रोग्रॅमरने सरकवलेली भिंत कोणती, हे सॉफ्टवेअरला उमगत नाही आणि बदल एकेक करून तुटतात. अशा वेळी कुठली बाजू किती सरकवली, कुठली भोके बुजवली, कोणत्या मेलवर मंजुरी मिळाली याची एक साधी एक्सेल यादी जवळ असेल, तर जुने आणि नवे मॉडेल एकमेकांवर ठेवून फरक शोधायचा, बदल पुन्हा लावायचे आणि दुपारच्या शिफ्टला फर्स्ट पीस काढायचा. यादी नसेल तर जुना प्रोग्रॅम उघडून प्रत्येक बाजू पहिल्यापासून मोजायला बसावे लागते आणि तेवढा वेळ मशीन उभे राहते.